मदत हवी आहे : छोट्या ऑफिससाठी फायरवॉल कोणता घ्यावा?

रत्नागिरीजवळ आमचं आंबा-काजू प्रक्रियेचं युनिट आहे. ऑफिसात बारा पीसी, एकावर टॅली, बिलिंगचा प्रिंटर आणि कामगार-पाहुण्यांसाठी वायफाय. फायबर लाइन एकच. ती तुटली की फोनचं हॉटस्पॉट. सीझनमध्ये दुपारी कुणीतरी क्रिकेट लावतं आणि ई-वे बिलाचं पान फिरतच बसतं.

आतापर्यंत केलेलं : राउटरमध्ये क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा; हा घातक आणि अश्लील साइट अडवतो) टाकला. पोरांनी फोनमध्ये गूगलचा ८.८.८.८ घातला, म्हणजे फिल्टर टळला. मग बाहेर जाणारे ५३ आणि ८५३ पोर्ट (डीएनएसच्या नेहमीच्या वाटा) बंद केले, तर ब्राउझर डीएनएस ४४३ वरून, म्हणजे साध्या वेबसाइटच्याच वाटेने, एचटीटीपीएसमध्येच पाठवतो (डीओएच)! जुन्या पीसीवर स्क्विड (मधे बसून वेब ट्रॅफिक तपासणारा प्रॉक्सी) लावून, सगळीकडे त्याचं सर्टिफिकेट टाकून पाहिलं, पण बँकेची साइट आणि फोनमधली निम्मी ॲप्स रुसली. ते परत नको.

आता जुन्या आय-थ्री पीसीला दुसरं लॅनकार्ड लावून ओपीएनसेन्स (फुकट मिळणारं फायरवॉल सॉफ्टवेअर) टाकायचा विचार आहे. वार्षिक लायसन्सवाला तयार बॉक्सही चालेल, पण दरवर्षीचा खर्च शेठना पटवणं कठीण. आयटीवाला माणूस नाही, मीच अकाउंट्स सांभाळून हे बघतो. पावसात वीज कधीही जाते, यूपीएस जेमतेम वीस मिनिटं टिकतो.

ऑफिस आणि वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (एकाच वायरिंगवरची वेगवेगळी नेटवर्क) टाकून, डीएनएस फिल्टर आणि माहीत असलेल्या डीओएच सर्व्हरची ब्लॉकलिस्ट एवढ्यावर भागेल का? आणि अचानक वीज गेल्यावर ओपीएनसेन्स झेडएफएसवर (डिस्कवर फाइली ठेवायची एक पद्धत) नीट उठतो का, की तयार बॉक्सच बरा?