मदत हवी आहे: पाणी गार असतानाच समुद्र कार्बन डायऑक्साइड सोडतोय?

कोथरूडची_मी: एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. सोमवारी ग्राफ दाखवायचाय आणि तीन दिवस इथेच अडकलेय. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो ना? माझ्या डेटात उलटं येतंय, पाणी सगळ्यात गार तेव्हाच कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब (म्हणजे तो वायू पाण्यातून बाहेर पडायला किती जोर लावतो ते) सगळ्यात जास्त. आकडेमोड दोनदा तपासली. प्लीज लवकर सांगा.

पाषाणकर: कुठला समुद्र? कुठला महिना? काहीच लिहिलं नाहीस.

कोथरूडची_मी: अहो, आपलाच, पश्चिम किनारा. वरचं पाणी.

पाषाणकर: आपलाच म्हणजे डहाणू की कोची? जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कोथरूडची_मी: मंगळूर ते कोची. ऑगस्ट.

पाषाणकर: हे आधी सांगायचं! पावसाळी वाऱ्यांनी तिथे खालचं पाणी वर येतं, अपवेलिंग. खाली बुडालेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कुजत असतं, म्हणून त्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर. तुझं पाणी वर राहून गार झालेलं नाही, खालून गारच आलंय.

हिरवा_डोंगर: किनाऱ्यावर खारफुटी लावा, तीही कार्बन शोषते.

दर्यावर्दी७: पण त्याच पाण्याबरोबर नायट्रेटही (प्लवकाचं खतच) वर येतं, प्लवक फोफावतं आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. युरोपातल्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) वसंतात प्लवक असंच ओढतं, मी तिथला डेटा हाताळलाय.

पाषाणकर: तिथलं गणित इथे नको. प्लवक ओढतं, मान्य, पण वर आलेला सगळा साठा त्याला संपत नाही. अरबी समुद्र वर्षभराच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड सोडणाराच आहे.

दर्यावर्दी७: संपत नाही हे ठीक, पण प्लवकाला शून्य धरू नका एवढंच म्हणतोय.

मत्स्यप्रेमी: म्हणूनच का त्या पट्ट्यात बांगडा-तारली एवढी? पुण्यात ताजी कुठे मिळेल?

रसायनवाली: ताई, तापमानाचा नियम खोटा नाही. बाकी सगळं तेच राहिलं तर 1 अंशाला दाब साधारण 4 टक्के बदलतो. सगळ्या महिन्यांचा दाब वर्षाच्या सरासरी तापमानावर आणून पुन्हा ग्राफ काढ. तरीही ऑगस्टचा उंचवटा राहिला तर तो तापमानाचा नव्हे, मिसळणीचा आणि जीवांचा. आणि क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, बघितलीस का? कमी असेल तर ते नदीचं पाणी. पावसाळ्यात गोव्यातल्या मांडवी-झुआरीच्या खाडीतही दाब चढतो, तो अपवेलिंगचा नाही, नदीबरोबर आलेला पाला-माती कुजल्याचा.

कोथरूडची_मी: माझे दोन पॉइंट मंगळूरच्या नेत्रावती नदीच्या मुखाशीच आहेत. ते वेगळे काढते आणि रात्री ग्राफ टाकते.