अनियमित तंतूंच्या गाळणीचे गणित मोजणीशी का जुळत नाही?

प्रश्न : मेल्ट-ब्लोन पॉलिप्रॉपिलीनच्या (वितळलेले प्लॅस्टिक गरम हवेने फुंकून केलेल्या बारीक तंतूंच्या) हवागाळणीसाठी मी कुवाबारा यांचे १९५९ सालचे प्रतिरूप, म्हणजे तंतूंभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचे गणिती मॉडेल, वापरत आहे, परंतु ०.३ मायक्रॉनच्या कणांची मोजलेली गळती (गाळणीतून पार जाणाऱ्या कणांचे प्रमाण) गणितातल्या गळतीपेक्षा बरीच जास्त येते. तंतूंचा सरासरी व्यास घेतल्यामुळे असे होत असेल का?

उत्तर : व्यासापेक्षा मला रचनेवर अधिक संशय आहे. त्या प्रतिरूपात सारे तंतू समांतर आणि प्रत्येकाभोवती सारखीच मोकळी जागा असलेले मानलेले असतात. प्रत्यक्षात तंतूंचा पत्रा कुठे दाट, कुठे विरळ असतो. तंतूंची दाटी वाढली की गळती घातांकी वेगाने घटते आणि हवा मात्र कमी रोधाच्या विरळ जागांकडेच ओढली जाते, त्यामुळे सरासरी दाटीवरून काढलेली गळती कमी दिसते.

दुसरे उत्तर : व्यासही तपासावाच. गाळणीतून जाताना हवेच्या दाबात होणारी घट मोजून, ती घट आणि तंतूंचा व्यास यांचा संबंध सांगणाऱ्या डेव्हिस यांच्या सूत्राने परिणामी व्यास (तेवढीच घट देणारा एकच व्यास) काढावा. तो सूक्ष्मदर्शकातील सरासरीपेक्षा सहसा मोठा येतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पत्रा विद्युतभारित आहे, हे सांगायचे राहिले.

पहिले उत्तरकर्ते : मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने भार घालवून पुन्हा मोजावे. भारामुळे कण तंतूंकडे ओढले जाऊन गळती घटते आणि या प्रतिरूपात भार धरलेला नाही, म्हणजे खरी तफावत आपल्याला दिसते त्याहून मोठी असणार.