इथेनॉलने मका पळवला, आता माशांना ऊर्जा कशातून द्यायची?

शेततळेवाला
मका इथेनॉलला जायला लागल्यापासून खाद्यवाल्यांना तो परवडत नाही. माझं मत असं, की रोहू-कटल्याला मका लागतच नाही. मात्र ऊर्जा कमी पडली की मासा महागड्या पेंडीतली प्रथिनं जाळतो आणि त्यातला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन तळ्यातच उतरतो. म्हणून 100 किलोला हे मिश्रण: तेल काढलेला भाताचा कोंडा 40, सोयापेंड 15, शेंगदाणा पेंड 15, तांदळाची कणी 15, मक्याचं डीडीजीएस (मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) 10, तेल 2, खनिज मिश्रण 2, मीठ 1. प्रथिनं 23 टक्क्यांच्या आसपास बसतात. पाणी हिरवं राखलेल्या तळ्यात बाकीची प्लवंगातून (पाण्यातल्या सूक्ष्म जीवांतून) मिळतात.

पेंडमिल
डीडीजीएस ऊर्जेच्या खात्यात कसं धरलंत? स्टार्चची तर डिस्टिलरीने दारू केली. मागे राहतं प्रथिन, तंतू आणि थोडं तेल. शिवाय मक्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, असेल तर स्टार्च निघून गेल्यावर ते साधारण तिप्पट दाट होतं. त्यात तुम्ही शेंगदाणा पेंडही घालताय, म्हणजे बुरशीची दोन दारं उघडी. पोत्यातला माल काळपट आणि करपलेल्या वासाचा असेल तर तो वाळवताना जास्त तापलाय. त्यातलं लायसीन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) माशाच्या उपयोगाचं राहत नाही.

शेततळेवाला
म्हणूनच फक्त 10 टक्के. सोनेरी माल, ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणि लॉटचा तपासणी अहवाल हातात असल्याशिवाय घेऊच नये. पण ‘थोडं तेल’ म्हणून तुम्ही जे सोडून देताय तीही ऊर्जाच की.

मीनखाद्य
तुमचं भांडण 10 किलोवर चाललंय, बिघडतं ते कणीत. कच्च्या कणीचा बराच स्टार्च न पचताच विष्ठेतून बाहेर पडतो. 15 किलो कणी दुप्पट पाण्यात पेजेसारखी शिजवा. शीत बोटांत चिरडल्यावर मध्ये पांढरा दाणा दिसता कामा नये. गरम असतानाच कोंडा आणि पेंडीत मळा. गोळे बांधायला वेगळा चिकटा लागत नाही. खनिजं कोमट झाल्यावर, तेल सगळ्यात शेवटी. त्या दिवशीचं त्याच दिवशी संपवा, ओलं खाद्य दुसऱ्या दिवशी आंबतं.

आणि ते 2 किलो तेल कशाला? तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 किलोकॅलरी, कणीत (शिजवण्याआधीच्या वजनाला) साडेतीनच्या आतबाहेर. म्हणजे 2 किलो तेलाचं काम पाच-सव्वापाच किलो कणी करते. तेलाचा दर कणीच्या अडीचपटीच्या आत येईल तेव्हा बोलू.

शेततळेवाला
हिशेब बरोबर, पण मासा म्हणजे भट्टी नव्हे. कर्बोदकं वाढवत नेली की ती यकृतात साठतात. शिवाय तेलातून लागणारी मेदाम्लं कणीत कुठून आणणार? तेल काढलेल्या कोंड्यात तर ती जवळजवळ उरलेलीच नसतात.

मीनखाद्य
मग तेलासकटचा कोंडा घ्या ना, त्यात 13 ते 18 टक्के तेल असतं.

पेंडमिल
गिरणीतून निघाल्यावर काही दिवसांत खवट होतो तो. कोंड्यातलंच लायपेज विकर (एन्झाइम) त्याचं तेल फोडतं. कोकणात उकड्या भाताचा मिळाला तर जास्त टिकतो, कारण भात उकडताना विकर मरतं. तरी महिनाभर साठवू नकाच.

पिंजरा
जलाशयातल्या पिंजऱ्यात हे 23 टक्के चालणार नाही, तिथे प्लवंगाचा आधार नगण्य. ऊर्जा जास्त आणि प्रथिन कमी झालं की मासा पोट भरल्यासारखा थांबतो. पिंजऱ्यातला पंगस मासा कापून पाहा: आतड्याभोवती चरबीचे पांढरे थर, वजन मात्र जागच्या जागी. मका न लागण्याचं आणखी एक कारण, त्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याने पंगसचं मांस पिवळसर होतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं.

पाण्यावर तरंगणाऱ्या खाद्याच्या दाण्याला स्टार्च निदान 20 टक्के हवाच, नाहीतर तो फुलत नाही. तेल मळणीत जास्त घातलं तरी हाच त्रास, म्हणून दाणा वाळल्यावर वरून फवारतात. 100 किलोला 2 किलो, फिरत्या ड्रममध्ये, थोडं थोडं. खाद्य टाकल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तेल दाण्यात मुरलेलंच नाही. डिसेंबर-जानेवारीत पामतेल टाळा. गारठ्यात ते थिजतं आणि माशाला नीट पचतही नाही. सोयाचं किंवा कोंड्याचं वापरा.

शेततळेवाला
पिंजऱ्याला मी 28 टक्क्यांखाली कधीच सुचवणार नाही. वरचं मिश्रण तळ्यातल्या कार्पसाठीच, म्हणजे रोहू-कटल्यासारख्या माशांसाठीच आहे. तेलाचे 2 किलो मात्र मी काढणार नाही. फार तर थंडीत सोयाचं घालीन.