सिल्क डोमच्या जागी एएमटी ट्वीटर: क्रॉसओव्हर तोच चालेल का?

प्रश्न:
साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा; ८७ डीबी, ८ ओहम) आणि २५ मिमी सिल्क डोम ट्वीटर (वरच्या सुरांचा, रेशमी घुमटाचा) असा टू-वे स्पीकर आहे, क्रॉसओव्हर (दोघांत सूर वाटून देणारं सर्किट) २.२ किलोहर्ट्झला. डोम काढून एएमटी (एअर मोशन ट्रान्सफॉर्मर, घड्यांच्या पडद्याचा ट्वीटर; ९३ डीबी, ८ ओहम, पडदा ३ × ६ सेंमी) बसवायचाय. नुसता कपॅसिटर बदलून भागेल का?

प्रतिसाद १:
नाही भागणार. एएमटीचा पडदा पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा असतो. घड्या मिटल्या की मधली हवा पडद्याच्या साधारण पाचपट वेगाने बाहेर फेकली जाते, म्हणून झांजेचा ठोका इतका मोकळा येतो. ऑस्कर हाइल या संशोधकाची ही कल्पना १९७० च्या दशकात बाजारात आली. आता निओडिमियम चुंबकामुळे ती आटोपशीर आकारात बसते. पण घडीला हलायला जागा थोडी. २.२ किलोहर्ट्झपासून काम दिलंत तर आवाज वाढवताच विरूपण चढेल. क्रॉसओव्हर ३ किलोहर्ट्झला आणि उतार २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह (वारंवारता निम्मी झाली की आवाज २४ डीबीने कमी) ठेवा.

शिवाय ट्वीटर ६ डीबी जोरात आहे. तो दबवायला आधी ४ ओहम सिरीजमध्ये, मग ट्वीटरला समांतर ८ ओहम, दोन्ही रेझिस्टर १० वॅटचे. एकूण भार ८ ओहमच राहतो. एएमटीचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) जवळपास सपाट असतो, डोमसारखा रेझोनन्सचा उंचवटा नाही, त्यामुळे कागदावरचं गणित प्रत्यक्षातही जुळतं.

प्रतिसाद २:
३ किलोहर्ट्झ ट्वीटरला सोयीचे, वूफरला नाहीत. त्याच्या शंकूचा व्यास सुमारे १३ सेंमी, म्हणजे २.६ किलोहर्ट्झच्या तरंगलांबीएवढा. तिथून पुढे बाजूला जाणारा आवाज आटत जातो आणि लगेच वर अरुंद पडद्याचा एएमटी आडवा भरपूर पसरतो. मग बाजूला बसणाऱ्याला ३ ते ५ किलोहर्ट्झ टोचतात. वेव्हगाइडवाला (आवाजाचा पसारा आवरणारं उथळ तोंड असलेला) एएमटी मिळत असेल तर तोच घ्या, माझं स्पष्ट मत.

उभ्या दिशेत उलटं. ६ सेंमी उंचीमुळे साधारण ६ किलोहर्ट्झच्या वर झोत अरुंद होतो. ट्वीटर कानाच्या उंचीलाच हवा.

फेज (दोघांच्या लहरी एकाच वेळी वर-खाली होतात का) तपासायला माइक १ मीटरवर ठेवा आणि ट्वीटरच्या तारा उलट्या जोडून मोजा. ३ किलोहर्ट्झला खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा पडला तर सरळ जोडणीत दोघांची फेज जुळते. खड्डा उथळ किंवा सरकलेला असेल तर दोष बहुधा दोघांच्या पुढे-मागे असण्याचा: वूफरचं ध्वनिकेंद्र (आवाज जिथून निघतो तो बिंदू) मागे असतं, आणि २.५ सेंमी फरक म्हणजे ३ किलोहर्ट्झला जवळजवळ ८० अंश.

प्रतिसाद ३:
बसवतानाची एक गोष्ट, कारण बरेच एएमटी इथेच मरतात. चुंबक स्क्रूड्रायव्हरला हातातून ओढतं आणि टोक थेट घड्यांत घुसतं. जाळीवर पुठ्ठा चिकटवा, स्क्रू पितळी घ्या. बॅफल (स्पीकरची पुढची फळी) कापणं, ड्रिल करणं आधी उरका आणि ट्वीटर तोवर डब्यातच ठेवा. लोखंडी कीस एकदा आत गेला की निघत नाही. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात लावू नका, पडदा फाटतो.

पहिल्यांदा वाजवताना १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर सिरीजमध्ये राहू द्या. क्रॉसओव्हरची जोडणी चुकली असेल तरी खालचा बास पडद्यापर्यंत पोचणार नाही.