मदत हवी आहे: हवामान बदलाच्या बातम्या वऱ्हाडीत, हसवत कशा सांगायच्या?

राजेहो, एक मदत पाहिजे. आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या काही जणी मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर छोटे ऑडिओ सुरू करतोय, क्लायमेट चेंजची एक बातमी, वऱ्हाडीत, कुलरमधे पाणी भरता भरता दोघींच्या गप्पा. अडतंय ते समतोल राखण्यात. म्हणजे बघा, मे 2024 मधे नागपुरात 56 डिग्रीचा आकडा फिरला, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता, आता यावर हसू येतंच पण लोक लगेच म्हणतात मग सगळंच खोटं, आणि ते अजिबात बरोबर नाही, जगभरात 2024 हेच आजवर मोजलेलं सर्वात गरम वर्ष होतं. उलट सप्टेंबर 2023 चा नागपुरातल्या अंबाझरी तलावाचा पूर फक्त क्लायमेट चेंजच्या माथी मारणंही चूक (नाग नदीच्या काठावरची बांधकामं कोण विसरेल), पण हवा 1 डिग्री तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरते हेही सांगायलाच पाहिजे ना. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यावर विनोद करायचा नाही हे पक्कं. मग हसायचं नेमकं कशावर? कोणी नाटकात, शाळेत असं केलंय का? पहिली स्क्रिप्ट तयार आहे, वाचून स्पष्ट सांगणारं कोणी आहे का?