मदत हवी आहे: पावसाळ्यात मायक्रो-रॅम्प चालेनासे झालेत

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे एक छोटा ब्लोडाउन विंड टनेल आहे (टाकीत दाबून भरलेली हवा सोडून चालणारा), माक २ चा, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाचा. टाकी भरायला पाऊण तास आणि हवा पुरते आठ सेकंद!

६० मिमी रुंदीच्या टेस्ट सेक्शनमध्ये (जिथे मॉडेल ठेवतात) तळाला १८ अंशांचा रॅम्प बसवलाय. त्याच्या शॉकने (आघात-लहरीने) दाब एकदम अडीच पट होतो. बाउंडरी लेयरला, म्हणजे भिंतीलगतच्या मंद हवेच्या थराला, दाबाचा एवढा चढ झेपत नाही, मग ती रॅम्पच्या आधीच पृष्ठभाग सोडते (हेच सेपरेशन). ती लेयर भिंतीतल्या छिद्रांतून खेचून घ्यावी (ब्लीड) तर व्हॅक्यूम पंप हवा. काँकॉर्ड या स्वनातीत विमानाच्या इंजिनाच्या इनटेकमध्ये रॅम्पांमधल्या फटीतून तेच करायचे, पण आमचं बजेट काँकॉर्डचं नाही. म्हणून मोठ्या रॅम्पच्या आधी तळावर मायक्रो-रॅम्प (चिमुकले पाचरीसारखे उंचवटे) चिकटवले. लेयर ४ मिमी जाड, त्यामुळे उंची १.६ मिमी आणि अंतर १२ मिमी. त्यांच्या भोवऱ्यांनी वरची वेगवान हवा खाली यावी, एवढंच काम.

फेब्रुवारीत तळाला तेल लावून पाहिलं (हवा कुठे सुटते ते तेलाच्या रेघेवरून कळतं) तेव्हा सेपरेशनची रेघ रॅम्पच्या १४ मिमी आधी होती. मायक्रो-रॅम्प लावल्यावर ९ वर आली, मधेमधे तुटलेली. (खोबरेल वापरू नका. भिंतीशी तापमान १५ अंशांकडे जातं, ते थिजायला लागतं.)

आता जुलैत तोच सेटअप, पण रेघ १५-१६ वर. श्लीरेनमध्ये (हवेच्या घनतेतले फरक दाखवणाऱ्या फोटोत) नॉझलचा घसा, म्हणजे सगळ्यात अरुंद जागा, ओलांडल्यावर एक जादाचा पट्टाही दिसतो. पार्टनर म्हणतो, मायक्रो-रॅम्प चिकटवताना सरकले. मला दमट हवेचा संशय आहे, कारण ड्रायरमधलं निळं सिलिका जेल पार गुलाबी झालंय. नक्की कसं ठरवायचं?

प्रतिसाद १
पट्टा घशापुढे आहे ना? मग आधी मायक्रो-रॅम्पना सोड. माक २ ला ३० अंशांची हवा उणे १०५ च्या आसपास जाते, त्यात आपल्याकडची जुलैची हवा! वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, माक उतरतो आणि तोच १८ अंशांचा रॅम्प लेयरला आणखी जड जातो. मोठा रॅम्प आणि मायक्रो-रॅम्प दोन्ही काढून रिकामा टनेल चालव, टेस्ट सेक्शनच्या भिंतीवरचा दाब घे. तो सेटलिंग चेंबरच्या (नॉझलआधीच्या, हवा शांत करणाऱ्या कप्प्याच्या) दाबाच्या ७.८ व्या हिश्श्याएवढा यायला हवा, दोन्ही निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेले) धर. जास्त आला तर दोष हवेचा. बरोबर आला तर पार्टनरची माफी माग.

आणि तेल बाजूच्या भिंतींनाही लाव. ६० मिमीत कोपऱ्यांतलं सेपरेशन मधल्या रेघेलाही ढकलतं, आणि तळाच्या मधल्या मायक्रो-रॅम्पना तिथे हात पोचत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद दादा. कोपऱ्यांचं डोक्यातच नव्हतं, फेब्रुवारीचे फोटोही फक्त तळाचे आहेत. जेल आज घरच्या ओव्हनमध्ये भाजतो (आईला सांगितलेलं नाही). उद्या रिकामा रन, लाईट असली तर.