मदत हवी आहे: लाईट जाऊन आली की स्क्रिप्ट वजनकाटा सोडून भलतंच पोर्ट धरते, वर वेळही मागे

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांची हळदीची अडत आहे. सौदा झाला की पोती काट्यावर चढतात, तोलार आकडा ओरडतो, मुनीम वहीत लिहितात. सीझनला तीच वही रात्री बसून एक्सेलमध्ये चढवावी लागते. म्हणून मी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. काट्याच्या इंडिकेटरला मागे आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचं सिरियल) पोर्ट आहे. तिथून यूएसबी कन्व्हर्टरने रास्पबेरी पाय ४ ला (छोटा, एकाच बोर्डाचा कॉम्प्युटर) जोडलंय. काटा ९६०० बॉडच्या वेगाने सतत वजन पाठवतो. आकडा स्थिरावला की स्क्रिप्ट तो उचलते आणि वेळेसकट सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) एक ओळ टाकते. शेतकऱ्याला लांबून वजन दिसावं म्हणून मोठा डिस्प्ले आहे, तोही तसल्याच कन्व्हर्टरने त्याच रास्पबेरीला.

चालू असतं तोवर झकास. लाईट जाऊन आली की दोन घोळ होतात.

एक, रास्पबेरी कन्व्हर्टरांना टीटीवाययूएसबी०, टीटीवाययूएसबी१ अशी नावं देते. टीटीवाययूएसबी० म्हणजे काटा असं मी स्क्रिप्टमध्ये लिहिलंय, पण कधीकधी तिथे डिस्प्ले येऊन बसतो. स्क्रिप्ट त्याच्याकडे कान लावून बसते, एरर काही येत नाही.

दोन, घड्याळ मागे राहतं. कुठल्या लॉटचं वजन हे मी वेळेवरूनच जुळवतो, त्यामुळे पट्टी (शेतकऱ्याचा हिशेब) करताना पंचाईत.

यूपीएस सुचवू नका, मामांनी आधीच नाही म्हटलंय. काटा उघडायचाही नाही, त्याला वैधमापनवाल्यांचं सील आहे. स्क्रिप्ट क्रॉनच्या ॲट-रीबूटने, म्हणजे रास्पबेरी चालू झाली की आपोआप, सुरू होते.

प्रतिसाद १

० आणि १ हे नंबर ज्या क्रमाने कन्व्हर्टर सापडतात त्या क्रमाने मिळतात, त्यावर भिस्त ठेवू नका. रास्पबेरीच्या डेव्ह फोल्डरमध्ये (जोडलेली उपकरणं तिथे दिसतात) सिरियल नावाचं फोल्डर बघा, आत बाय-आयडी आणि बाय-पाथ अशी दोन मिळतील. कन्व्हर्टर कुठल्या चिपचे आहेत?

धागाकर्ता

दोन्ही सीएच३४०. बाय-आयडीमध्ये एकच नाव दिसतंय, दुसरा गायब.

प्रतिसाद १

मग बरोबर. या चिपला बहुतेक वेळा स्वतःचा सिरियल नंबर नसतो, म्हणून दोघांचं नाव एकच होतं. बाय-पाथ वापरा, ते यूएसबीच्या भोकावरून ठरतं. भोकाशेजारी मार्करने ‘काटा’ लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी झाडताना वायर बदलेल आणि पुन्हा इथे धागा निघेल. :)

प्रतिसाद २

वेळेचं सांगतो. रास्पबेरी पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतंच. बंद होण्याआधी डिस्कवर साठवलेली वेळ धरून ते पुढे चालू लागतं आणि इंटरनेट मिळालं की सुधारतं. म्हणजे लाईट दोन तास गेली तर घड्याळ किमान दोन तास मागे. यार्डातला राउटरही त्याच लाईटवर असणार, तो उठून नेट येईपर्यंतच्या सगळ्या ओळी चुकीच्या वेळेच्या.

डीएस३२३१ हे छोटं आरटीसी (घड्याळाचं) मोड्यूल लावा, बटन सेलवर चालतं. चार वायरी. ३.३ व्होल्टच्या पिनवरच जोडा. ५ व्होल्ट दिलेत तर मोड्यूलवरच्या पुल-अप रेझिस्टरमधून तेच व्होल्टेज रास्पबेरीच्या डेटा पिनांवर येतं आणि त्यांना ते सोसत नाही. मग कॉन्फिग फाईलमध्ये आय२सी-आरटीसीचा ओव्हरले (रास्पबेरीला मोड्यूल ओळखायला सांगणारी ओळ) टाका.

धागाकर्ता

बाय-पाथ केलं, प्लग काढून लावून पाहिलं, जमलं. मोड्यूल मागवतोय. ते येईपर्यंत नेट आल्याशिवाय स्क्रिप्ट सुरूच करू नये का?

प्रतिसाद २

तसं नको, नेट आलंच नाही तर तोलाई खोळंबेल. प्रत्येक ओळीला वेळेबरोबर चढता क्रमांक द्या आणि पायथनच्या टाइम-मोनोटॉनिकचा (फक्त पुढे मोजत जाणारे सेकंद) आकडाही लिहा. मधेच घड्याळ सुधारलं तरी तो उडी मारत नाही. नेट आल्यावर खरी वेळ आणि तो आकडा यांची सांगड घालून त्याच चालू सत्रातल्या (रास्पबेरी चालू झाल्यापासून बंद होईपर्यंतच्या) मागच्या ओळी दुरुस्त करता येतात. पुन्हा लाईट गेली की मात्र तो आकडा नव्याने सुरू होतो, म्हणून सत्राचाही नंबर टाका.




धागाकर्ता

सत्राचा नंबर डोक्यातच आला नव्हता. आज रात्री टाकतो.